इंदूर-पुणे, इंदूर-मुंबईसारख्या छोट्या फ्लाइटला पॉइंट्स वापरावेत की साठवून ठेवावेत?

राजवाड्याजवळची

नमस्कार मंडळी. आमच्याकडे एअर इंडियाच्या महाराजा क्लबचे बऱ्यापैकी पॉइंट्स जमलेत, थोडे ह्यांच्या ऑफिसच्या टूरचे आणि बाकीचे जुन्या विस्तारा एअरलाइनच्या क्लब विस्तारा खात्यातून आलेले. शिवाय क्रेडिट कार्डाचे रिवॉर्ड पॉइंट्स वेगळे पडून आहेत. मुलगा पुण्यात नोकरीला, मुलगी बंगलोरला शिकते, म्हणजे आमचं जाणं-येणं सगळं इंदूर-पुणे, इंदूर-मुंबई आणि कधीमधी बंगलोर. परदेशाचा सध्या काहीच बेत नाही.

मुलाचं म्हणणं असं की आई छोट्या फ्लाइटला पॉइंट्स घालवू नकोस, त्याची काही किंमत येत नाही, युरोपला जायला ठेव. आता युरोपचं कधी ठरणार आणि तोवर पॉइंट्स राहणार का हे कोणी सांगावं. पण तो हिशोबाला पक्का आहे म्हणून त्याचं म्हणणं सोडूनही देववत नाही. दुसरं म्हणजे पॉइंट्सवर तिकीट काढायला बसलं की शेवटच्या पानावर टॅक्स म्हणून वर रोख पैसे भरावे लागतात, मग ते "फ्री" कसलं हेही कळत नाही. कोणी नीट समजावून सांगेल का की तासा-सव्वा तासाच्या फ्लाइटला पॉइंट्स कधी वापरावेत आणि कधी सरळ पैसे भरून मोकळं व्हावं? ह्यांच्या खात्यातून मुलांचं तिकीट काढता येतं का तेही सांगा.

खिडकीची_सीट

ताई, मुलाचं म्हणणं अर्धं बरोबर आहे. रोजच्या स्वस्त तारखेला छोट्या फ्लाइटवर पॉइंट्स घालवले तर खरंच काही हातात येत नाही. पण त्याच फ्लाइटचं भाडं जेव्हा तिप्पट होतं तेव्हा तेच पॉइंट्स एकदम भारी पडतात. म्हणजे फ्लाइट छोटी की मोठी हा मुद्दाच नाही, तारीख कुठली हा मुद्दा आहे. मी इंदूरहूनच सारखा ये-जा करतो आणि प्रत्येक वेळी तिकीट काढायच्या आधी एकच हिशोब करतो, तो सांगतो.

त्याच फ्लाइटच्या कॅश तिकिटाची सगळी मिळून किंमत घ्यायची. त्यातून पॉइंट्सच्या तिकिटावर जे रोख भरावं लागतंय ते वजा करायचं. जे उरलं त्याला लागणाऱ्या पॉइंट्सनी भागायचं, म्हणजे एका पॉइंटला किती पैसे मिळाले ते कळतं. आकडे समजण्यापुरते धरा हं, तुमच्या स्क्रीनवर वेगळे असतील. समजा इंदूर-मुंबई साध्या मंगळवारी ३,९०० ला आहे, पॉइंट्सवर घेतली तर ५,००० पॉइंट्स आणि वर ९०० रुपये. ३,९०० वजा ९०० म्हणजे ३,०००, भागिले ५,०००, म्हणजे पॉइंटला ६० पैसे. आता तीच फ्लाइट भाऊबीजेनंतरच्या रविवारी ९,८०० झाली आणि पॉइंट्स तेवढेच लागत असले तर ८,९०० भागिले ५,०००, म्हणजे पॉइंटला १ रुपया ७८ पैसे. विमान तेच, सीट तीच, आणि पॉइंटची किंमत जवळजवळ तिप्पट.

आता टॅक्सचं. पेमेंटच्या आधी "फेअर डिटेल्स" किंवा तसलं काहीतरी असतं ते उघडून बघा, बहुतेक लोक ते उघडतच नाहीत. त्यात बेस फेअर वेगळं असतं, त्याखाली विमानतळाची यूडीएफ म्हणजे यूझर डेव्हलपमेंट फी, मग एव्हिएशन सिक्युरिटी फी (ही देशातल्या प्रवासाला २०२१ मध्ये २०० रुपये झाली), मग जीएसटी, आणि ऑनलाइन काढलं तर कन्व्हिनियन्स फी. पॉइंट्स भरतात ते मुख्यतः बेस फेअर. बाकीचं सरकारकडे आणि विमानतळाकडे जायचं असतं, ते तुम्हाला रोख द्यावं लागतं. आणि छोट्या फ्लाइटला हे जास्त टोचतं कारण इंदूरहून तुम्ही मुंबईला जा नाहीतर गुवाहाटीला, इंदूरची यूडीएफ आणि सिक्युरिटी फी तीच. ३,९०० च्या तिकिटात ९०० म्हणजे जवळजवळ पाव हिस्सा झाला, १२,००० च्या तिकिटात तेच ९०० काहीच वाटत नाहीत. म्हणून स्वस्त छोट्या तिकिटाला पॉइंट्स लावले की वाया गेल्यासारखे वाटतात, मुलाला हेच म्हणायचं असणार.

अजून एक वजाबाकी राहते. पैसे भरून गेलात तर त्या प्रवासाचे नवीन पॉइंट्स मिळतात, पॉइंट्सच्या तिकिटावर सहसा मिळत नाहीत. एअर इंडियात २०२४ पासून अंतराऐवजी खर्चावर पॉइंट्स मिळतात, म्हणजे छोट्या स्वस्त तिकिटावर मिळणारे थोडेच असतात, त्यामुळे ही वजाबाकी फार मोठी नाही, पण अगदी काठावरचा हिशोब असेल तर धरावी.

दांडियाबाजार

बडोद्याहून लिहितोय. वरचा हिशोब बरोबर आहे पण त्यात एक गोष्ट राहिली आणि आमच्यासारख्यांना तीच महत्त्वाची. स्क्रीनवर ९,८०० दिसतंय म्हणून तुमचे ९,८०० वाचले असं होत नाही. पॉइंट्स नसते तर तुम्ही काय केलं असतं ते बघायचं.

आमचं मुंबईचं उदाहरण घ्या. बडोदा-मुंबई विमान हवेत तासाभराचं सुद्धा नसेल धड, पण हरणीला एअरपोर्टवर विमान निघायच्या तासभर आधी काउंटर बंद होतो म्हणून दीड-दोन तास आधी पोचा, तिकडे उतरल्यावर बॅगेची वाट बघा, मग टॅक्सी. त्यापेक्षा वंदे भारत मुंबई सेंट्रलपर्यंत ३९२ किलोमीटर चार तासांच्या आसपास नेते आणि बोरिवलीला थांबते. माझे नातेवाईक सगळे बोरिवली-कांदिवलीचे, म्हणजे उतरलो की रिक्षा. हे तिकीट मला विमानाच्या मानानं बरंच स्वस्त पडतं. मग मी पॉइंट्स देऊन विमानानं गेलो तर माझी खरी बचत वंदे भारतच्या तिकिटाएवढीच, आणि त्याच्यात वर टॅक्सचे रोख भरायचे, म्हणजे पॉइंटला हातात जवळजवळ काहीच नाही. म्हणून बडोदा-मुंबईला मी पॉइंट्स लावतच नाही. बडोदा-दिल्लीला लावतो, तिथे रात्रभराचा प्रवास वाचतो आणि दुसऱ्या दिवशीची मीटिंग असेल तर मी एरवीसुद्धा विमानाचे पैसे भरलेच असते.

तुमच्याकडे इंदूर-मुंबईला अवंतिका एक्स्प्रेस आहेच की. निवांत जायचं असेल तर विमानाची तुलना अवंतिकेच्या सेकंड एसीशी करा.

राजवाड्याजवळची

हे पटलं. मुंबईला आम्ही बहुतेक वेळा अवंतिकेनंच जातो, संध्याकाळी बसलं की सकाळी मुंबई. पण पुण्याचं वेगळं आहे. ट्रेन रतलाम, बडोदा, सुरत, वसई, कल्याण असा सगळा वळसा घालून जाते आणि ह्यांची कंबर आता तेवढं बसू देत नाही. स्लीपर बस सेंधवा-धुळ्यावरून जाते ती मला रात्रीची नको वाटते. इंदूर-मनमाड लाइन २०२४ मध्ये मंजूर झाली खरी, पण ती होईपर्यंत पुण्याला आम्हाला विमानच. तर पुण्यासाठी काय करावं ते सांगा. आणि दिवाळीला दरवर्षी प्रश्न येतो, मुलं येतात की आम्ही जायचं.

खिडकीची_सीट

दिवाळीचं तुम्ही छान काढलंत ताई, कारण इंदूरवाल्यांना पॉइंट्सचा सगळ्यात जास्त फायदा तिथेच आहे.

गर्दी कुठून कुठे जाते ते बघा. इंदूरची मुलं पुणे, बंगलोर, मुंबई, हैदराबादला नोकरीला. धनत्रयोदशीच्या आधीचे दोन-तीन दिवस पुणे ते इंदूर भाडं आकाशाला भिडतं, कारण सगळे घरी यायला निघालेत. त्याच दिवशी तेच विमान इंदूरहून पुण्याला परत जाताना बरंच रिकामं असतं आणि भाडं साधंच असतं. भाऊबीज झाली की उलटं, इंदूर ते पुणे महाग आणि पुणे ते इंदूर स्वस्त.

म्हणजे मुलं घरी येणार असतील तर दोन्ही बाजू महागड्या दिशेनं, तिथे पॉइंट्स लावा. तुम्ही दोघं पुण्याला जाणार असाल तर दोन्ही बाजू गर्दीच्या उलट, तिथे पैसे भरा आणि पॉइंट्सला हातही लावू नका. आमच्या घरात तर आता हेच बघून कोणी कोणाकडे जायचं ते ठरतं.

एक लक्षात ठेवा, जायचं-यायचं एकत्र तिकीट काढायची काही गरज नाही. देशातल्या प्रवासाला दोन वनवे वेगळी काढली तरी सहसा तेवढीच पडतात, म्हणून एक बाजू पॉइंट्सवर आणि एक बाजू पैशानं असं खुशाल करा. एकत्र काढायला गेलात तर साइट दोन्ही बाजूंना पॉइंट्स लावते आणि स्वस्त बाजूला ते वाया जातात.

आता मुख्य अट. हे सगळं तेव्हाच चालतं जेव्हा पॉइंट्स तक्त्याप्रमाणे ठरलेले असतात, म्हणजे भाडं कितीही असो, पॉइंट्स तेवढेच. काही प्रोग्रॅममध्ये कॅश भाडं वाढलं की लागणारे पॉइंट्सही त्याच प्रमाणात वाढतात, तिथे दिवाळी असो की श्रावण, पॉइंटला मिळायचे ते पैसे तेवढेच. तुमचा प्रोग्रॅम कुठल्या जातीचा हे ओळखायला एकच फ्लाइट दोन तारखांना टाका, एक साधा मंगळवार आणि एक दिवाळीचा दिवस. पॉइंट्स सारखे दिसले तर तक्ता आहे, गर्दीच्या दिवसासाठी ठेवा. पॉइंट्स भाड्याबरोबर वर गेले तर साठवण्यात काही अर्थ नाही, पुढच्या तिकिटाला वापरून टाका. काही ठिकाणी दोन्हीची भेसळ असते, म्हणजे स्वस्त पॉइंट्सच्या ठरावीक सीट असतात आणि त्या संपल्या की मग महाग पॉइंट्सच्या उरतात. तसं असेल तर दिवाळीचं तिकीट गणपतीच्या आधीच बघून ठेवायचं, ऑक्टोबरात बघितलं तर काही मिळत नाही.

सुदामानगर

ताई, तुमच्या मुलाच्या सल्ल्याला माझा सपशेल विरोध आहे आणि कारण सांगतो. मी निवृत्त आहे, पण नोकरीत असताना बरीच वर्षं हवेत काढली. किंगफिशर २०१२ मध्ये जमिनीवर आली तेव्हा किंग क्लबचे पॉइंट्स असलेल्या लोकांच्या हातात काही राहिलं नाही. जेट १७ एप्रिल २०१९ ला बंद पडली, तिचा पॉइंट्सचा प्रोग्रॅम वेगळ्या कंपनीत होता म्हणून माइल्स कागदावर राहिले, पण ज्या फ्लाइटसाठी लोकांनी ते जमवले होते त्याच राहिल्या नाहीत. आणि कंपनी नीट चालू असली तरी एखाद दिवशी मेल येतो की अमुक तारखेपासून नवीन तक्ता लागू, आणि कालपर्यंत जेवढ्यात तिकीट येत होतं तेवढ्यात येत नाही. विस्ताराचं त्या मानानं बरं झालं, १२ नोव्हेंबर २०२४ ला एअर इंडियात विलीन झाली तेव्हा लोकांचे पॉइंट्स तेवढेच तिकडे गेले. प्रत्येक वेळी असं होईलच असं धरून चालू नका.

बँकेत ठेवलं तर व्याज मिळतं, पॉइंट्सला व्याज नाही, उलट मुदत असते. खात्यात लॉगिन करून मुदत कधी संपते ते आजच बघा. युरोपचं तिकीट ठरलेलं असेल, तारीख ठरलेली असेल, तर ठेवा. नुसतं "कधीतरी जाऊ" म्हणून दोन-चार वर्षं ठेवू नका. तुमच्या मुलीला परीक्षेनंतर घरी आणायला वापरलेत तर त्याच्यापेक्षा चांगला उपयोग दुसरा मला दिसत नाही.

पुण्यातला_इंदूरी

मी त्या मुलाच्या जागी आहे म्हणून त्याची बाजू मांडतो. काका, तुमचं साठवण्याबद्दलचं पटतं, पण मोठ्या फ्लाइटवर, त्यातही बिझनेस क्लासला, पॉइंटची किंमत खरंच जास्त निघते, हे हिशोब करणारा कोणीही सांगेल. फक्त एक मेख आहे, ती किंमत कागदावरची असते. बिझनेस क्लासचं दोन लाखांचं तिकीट आपण पैसे देऊन कधीच घेतलं नसतं, मग पॉइंट्सवर घेऊन दोन लाख वाचले असं म्हणण्यात काय अर्थ. बडोद्याच्या दादांनी वंदे भारतचं जे सांगितलं तेच इथे लागू होतं.

पण मला अपग्रेडबद्दल सांगायचं होतं. छोट्या फ्लाइटला पॉइंट्स देऊन बिझनेस क्लासमध्ये अपग्रेड करायची ऑफर दिसते, चेक-इनच्या वेळी तर हमखास. इंदूर-मुंबई तासा-सव्वा तासाचं उड्डाण, त्यात वर जायची वीस मिनिटं आणि खाली यायची वीस मिनिटं, मधे जेवणाचा ट्रे येऊन जाईपर्यंत सीट सरळ करा म्हणतात. तेवढ्यासाठी पॉइंट्स देऊ नका. शिवाय जिथे एटीआर म्हणजे छोटं पंख्याचं विमान लागतं तिथे बिझनेस क्लास नसतोच. आणि पैशानं बिझनेस घ्यायचं म्हटलं तर सप्टेंबर २०२५ पासून इकॉनॉमीच्या वरच्या क्लासला जीएसटी १८ टक्के झालाय, इकॉनॉमीला ५ च आहे. सामान जास्त असेल, आई-बाबांना पाय लांब करायची गरज असेल, तर पुढची रांग किंवा एक्झिट रोची सीट पैसे देऊन घ्या, थोडक्यात काम होतं. (एक्झिट रो ज्येष्ठांना देत नाहीत बरं का, संकटात दार उघडता येईल अशांनाच देतात, तर आई-बाबांसाठी पुढची रांग.)

आणि पुढे कधी खरंच परदेशचं ठरलं तर तेव्हा छोटी फ्लाइट वेगळी काढू नका. इंदूर ते मुंबई किंवा दिल्ली आणि तिथून पुढे असं सगळं एकाच तिकिटावर, एकाच पीएनआरवर बघा. बऱ्याच प्रोग्रॅममध्ये इंदूरचा तुकडा जोडल्यानं पॉइंट्स फारसे वाढत नाहीत, कधी अजिबात वाढत नाहीत, म्हणजे ती छोटी फ्लाइट जवळपास फुकट पडते. आणि मुख्य म्हणजे पहिलं विमान लेट झालं आणि पुढचं चुकलं तर ती जबाबदारी एअरलाइनची. वेगवेगळी तिकिटं असतील तर तुमची. एअर इंडिया २०१४ पासून स्टार अलायन्स या एअरलाइन्सच्या गटात आहे त्यामुळे लुफ्तान्सा, सिंगापूर एअरलाइन्स वगैरेंच्या फ्लाइटलाही हे पॉइंट्स लावता येतात, फक्त तिथल्या टॅक्सची रक्कम आधी बघा, काही कंपन्यांची फ्युएल सरचार्ज धरून एवढी होते की धक्का बसतो.

लष्करकर

ग्वाल्हेरहून. आमच्याकडून सरळ फ्लाइट मोजक्याच, नवीन टर्मिनल २०२४ मध्ये झालं, छान झालंय, पण पुण्याला जायचं तर आम्ही बहुतेक वेळा दिल्लीच गाठतो. वंदे भारत नाहीतर गतिमान पकडून निजामुद्दीन, आणि तिथून एअरपोर्ट. दिल्ली-पुणे, दिल्ली-मुंबईला दिवसाला इतकी विमानं आहेत की पॉइंट्सवरची स्वस्त सीट कुठे ना कुठे सापडते. ग्वाल्हेर किंवा इंदूरहून एखादंच विमान असेल तर त्यातल्या त्या दोन-चार सीट कधीच गेलेल्या असतात. तुम्हालाही बंगलोरसाठी सरळ विमानात नाही मिळालं तर एक दिवस मागं-पुढं, पहाटेचं किंवा रात्री उशिराचं बघा, शनिवारी दुपारी भाडं उतरलेलं असतं आणि सीटही असतात.

एक गोष्ट नीट तपासा. व्हाया मुंबई किंवा व्हाया दिल्ली घेतलं तर काही प्रोग्रॅम दोन्ही तुकड्यांचे वेगवेगळे पॉइंट्स लावतात, काही एकूण अंतर धरतात. इंदूर-बंगलोर सरळ हवेतून साधारण १,०७५ किलोमीटर, म्हणजे ६७० मैलांच्या आसपास. व्हाया दिल्ली गेलात तर आधी ६६० किलोमीटर उलट्या दिशेला आणि मग सगळं दक्षिणेत. अंतरावर तक्ता असेल तर टप्पा बदलतो आणि पॉइंट्स एकदम वाढतात. इंदूर-मुंबई आणि इंदूर-पुणे दोन्ही हवेतून पाचशे किलोमीटरच्या आसपास, म्हणजे सगळ्यात खालच्या टप्प्यात बसायला हवेत. ट्रेनच्या अंतरावर जाऊ नका, अवंतिका आठशेच्या वर किलोमीटर फिरून जाते.

राजवाड्याजवळची

सगळ्यांचे मनापासून आभार, मुलालाही हे वाचायला पाठवलं. कार्डाच्या पॉइंट्सचं काय करू? बँकेच्या ॲपवर एअरलाइनमध्ये ट्रान्सफर करा असं येतं. सगळे एकदम टाकून ठेवू का, म्हणजे दिवाळीला तयार राहतील? आणि मुलीची परीक्षा पुढे-मागे झाली तर कॅन्सल करायची वेळ येईल, पॉइंट्स बुडतील का?

खिडकीची_सीट

आधीच टाकून ठेवू नका ताई, अजिबात नको. कार्डाचे पॉइंट्स एकदा एअरलाइनमध्ये गेले की परत येत नाहीत. कार्डात आहेत तोवर तुमच्याकडे चार वाटा मोकळ्या, दुसरी एअरलाइन, हॉटेल, व्हाउचर, बिलात वळते करणं. एअरलाइनमध्ये गेले की एकच वाट. म्हणून आधी सीट दिसली पाहिजे, मग ट्रान्सफर. फक्त ट्रान्सफरला लागणारा वेळ बँकेप्रमाणे बदलतो, काहींचे लगेच येतात, काहींचे दिवस लागतात, आणि तेवढ्यात सीट जाऊ शकते. म्हणून बँकेच्या ॲपवर वेळ आणि फी दोन्ही वाचा, आणि अगदी थोडे पॉइंट्स पाठवून दोन्ही खात्यांवरचं नाव, स्पेलिंग जुळतंय ना हे दिवाळीच्या आधीच बघून ठेवा. नाव जुळलं नाही म्हणून ट्रान्सफर अडकल्याचं बरेचदा ऐकलंय.

ट्रान्सफरचा दर पण बघा. एका कार्डाच्या पॉइंटचा एक एअरलाइन पॉइंट होतो की दोन पॉइंटचा एक होतो, त्यावर सगळा हिशोब फिरतो. समजा कार्डाचा पॉइंट बिलात वळता केला तर ३० पैसे देतो आणि दोन कार्ड पॉइंटचा एक एअरलाइन पॉइंट होतो, तर तो एअरलाइन पॉइंट तुम्हाला ६० पैशांना पडला. मंगळवारच्या त्या ३,९०० वाल्या तिकिटावर त्याचे ६० च पैसे मिळतायत, मग कशाला एवढी खटपट, पैसे भरा. दिवाळीच्या तिकिटावर १ रुपया ७८ मिळत असतील तर जरूर करा. "पॉइंट्स प्लस कॅश" चा पर्याय आला तरी हेच करायचं, जेवढे पॉइंट्स जास्त दिले तेवढ्यानं रोख किती कमी झालं ते भागून बघायचं. तो दर बरेचदा पूर्ण पॉइंट्सच्या तिकिटापेक्षा वाईट निघतो.

कॅन्सलचं. इथे छोट्या फ्लाइटला पॉइंट्सचं तिकीट उलट फायद्याचं पडू शकतं, कारण स्वस्त कॅश तिकीट रद्द केलं की कॅन्सलेशन चार्जमध्ये जवळजवळ सगळं बेस फेअर जातं. पॉइंट्सच्या तिकिटाला बहुतेक ठिकाणी ठरलेली फी भरून पॉइंट्स परत खात्यात येतात. ती फी किती, ती पॉइंट्समध्ये कापतात की रुपयांत, आणि किती तास आधीपर्यंत रद्द करता येतं, हे काढायच्या आधी वाचा. परीक्षेची तारीख पक्की नसेल तर मी पॉइंट्सचंच काढेन. आणि कॅश तिकीट रद्द केलंत किंवा फ्लाइटला गेलाच नाहीत तरी यूडीएफ, पीएसएफ (पॅसेंजर सर्व्हिस फी) आणि सरकारी टॅक्स परत मिळायचा हक्क आहे, विमान वाहतुकीवर लक्ष ठेवणाऱ्या सरकारी डीजीसीएचा नियमच आहे, तिकिटावर नॉन-रिफंडेबल लिहिलेलं असलं तरी. रक्कम लहान म्हणून लोक मागत नाहीत. छोट्या फ्लाइटला तो पाव हिस्सा असतो, मागा.

सुदामानगर

कुणाच्या खात्यातून कुणाचं तिकीट हे राहिलं. साधारणपणे स्वतःच्या पॉइंट्सवर घरच्यांचं तिकीट काढता येतं, पण बऱ्याच प्रोग्रॅममध्ये आधी त्यांचं नाव नॉमिनी किंवा फॅमिली मेंबर म्हणून खात्यात घालावं लागतं आणि काही ठिकाणी ते घातल्यावर थोडे दिवस थांबावं लागतं, म्हणून आजच घाला, नाव आधारवर आहे तसंच. तुमचे आणि यजमानांचे पॉइंट्स वेगवेगळ्या खात्यांत थोडे-थोडे असतील तर एकत्र करायची सोय आहे का ते प्रोफाइलमध्ये बघा. ती नसेल तर दोघांनी एकेका मुलाचं एका बाजूचं तिकीट काढा, प्रत्येकाच्या खात्यातले पॉइंट्स पूर्ण लागतात आणि कुठे अर्धवट पडून राहत नाहीत.

पुण्यातला_इंदूरी

नाव घालताना मुलीचा मोबाइल आणि ईमेल तिचाच द्या, तुमचा नको. वेळ बदलल्याचा मेसेज बुकिंगमधल्या नंबरवर जातो, आणि हिवाळ्यात धुक्यानं सकाळच्या फ्लाइट पुढे ढकलतात तेव्हा तो मेसेज बंगलोरला तिच्या हातात असला पाहिजे.